भरिताला नावं ठेवणारी माणसं

जळगावात भरिताला कुणी नुसतं ‘छान’ म्हणत नाही. पहिला घास तोंडात गेला की निकाल लागतो: वांगी गॅसवर भाजली, कपाशीच्या काड्यांवर नाही, बडगीत ठेचायचं सोडून मिक्सर फिरवला, मिरची लाजली, कांद्याची पात निबर निघाली, आणि हे वांगं काही बामणोद गावचं नव्हे. पाच हरकती, पाचही दुरुस्त होण्यासारख्या. यजमानही रुसत नाही, पुढच्या खेपेला काड्या आणतो.

आता त्याच माणसाला पुढच्या खोलीत बसवून आपण रचलेला तीन मिनिटांचा पियानोचा तुकडा ऐकवा. तो शेवटपर्यंत गुडघ्यावर बोटं आपटतो, संपल्यावर दोन सेकंद वाट बघतो आणि म्हणतो, “भारी शे भो!” झालं. वांग्याच्या देठापासून निकाल देणारी जीभ पियानोपुढे तीन शब्दांत आटोपते.

हौशी रचनाकार म्हणजे ज्याला रचनेचे पैसे कुणी देत नाही आणि ‘आता थांब’ असंही कुणी सांगत नाही. भुसावळपासून धुळ्यापर्यंत आमची जमात तुरळक आहे. कुणी बँकेत, कुणी मेडिकलवर, कुणी शाळेत गणित शिकवणारा. पियानो म्हणजे बहुतेकांकडे ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड. खऱ्या पियानोला ८८ असतात, उरलेल्या २७ आपण मनात वाजवायच्या. रचणं त्या मानाने सोपं. खरी परीक्षा दुसऱ्याला ऐकवण्यात, आणि त्याहून मोठी, दुसऱ्याचं ऐकून काहीतरी बोलण्यात.

अभिप्रायाची भाषा आधी उलगडून घ्यावी लागते. ‘वेगळंच आहे’ म्हणजे कळलं नाही. ‘शांत वाटतं’ म्हणजे डोळा लागला. ‘बॅकग्राउंडला मस्त’ म्हणजे वर कुणी बोलत असेल तर चालेल. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारा दादा सरळ असतो, तो विचारतो, “पण यावर नाचणार कसं?” आणि घरातल्या आईचा अभिप्राय तुकडा संपल्याबरोबर येतो: “झालं असेल तर पंखा लाव.” मला विचाराल तर या सगळ्यांत ऑर्केस्ट्रावाल्याचा प्रश्न सगळ्यात कामाचा. ताल सापडला नाही, हे तो सांगतोय.

आमच्या आपसातल्या कौतुकाचा हिशेब मात्र आहेराच्या वहीसारखा चालतो. तुम्ही माझ्या तुकड्याला ‘अप्रतिम’ घातलंत, मी तुमच्या तुकड्याला ‘अप्रतिम’ परत करतो. माझा अडीच मिनिटांचा आणि तुमचा अकरा मिनिटांचा असला, तर मी तोट्यात. पण वहीत तशी नोंद करायची सोय नाही.

निम्मे अभिप्राय तर रचनेवर नसतातच, ते फोनवर असतात. कीबोर्डच्या स्टँडवरच फोन ठेवून रेकॉर्ड केलं की सुरांबरोबर पट्ट्यांची ठकठकही येते. मे महिन्यात पारा ४५ वर असताना कूलर बंद करायचा धीर कुणाला? म्हणून मागे तापीला पूर आल्यासारखा आवाज. शिवाय फोन आवाजाची पातळी स्वतःच सावरत बसतो. हळू वाजवलं की वर उचलतो, जोरात वाजवलं की खाली दाबतो. तुम्ही आठ बार, म्हणजे तालाची आठ आवर्तनं, जिवावर उदार होऊन चढवत नेलेले असतात आणि समोरचा म्हणतो, “सगळं एकाच जोरात वाटतं.” त्याचा काही दोष नाही. कीबोर्डच्या हेडफोनच्या भोकातून किंवा यूएसबीतून सरळ वायरने रेकॉर्ड करा, आवाजाची पातळी हाताने बसवा, मग अर्ध्या तक्रारी आपोआप मिटतात.

ऐकणाऱ्याकडेही हेच. मधला सी, म्हणजे कीबोर्डच्या मध्यावरचा सूर, साधारण २६२ हर्ट्झवर (सेकंदाला २६२ कंपनं) असतो. फोनच्या स्पीकरला त्याच्या खालचं फारसं झेपत नाही, म्हणजे डाव्या हाताचं निम्मं बोलणं तो गिळतो. “डावा हात ऐकू येत नाही” असं लिहिण्याआधी कानात हेडफोन घालावा. नाहीतर रचनाकार भोळेपणाने डावा हात दुप्पट जोरात वाजवतो, आणि चांगल्या स्पीकरवर तो तुकडा दारातून ट्रॅक्टर गेल्यासारखा ऐकू येतो.

आणखी एक गोष्ट स्वतःच तपासायची. कीबोर्डातली तयार ‘स्टाइल’ चालू ठेवून तुकडा बांधला असेल तर ती बंद करून एकदा वाजवा. ड्रम, बास, गिटार सगळे उठून गेल्यावर जे उरतं ते आपलं. बऱ्याचदा उजव्या हाताचं एक बोट उरतं. तोवर “ताल झकास आहे” हा अभिप्राय मनाला लावून घेऊ नये, तो कंपनीला आहे.

आता कामाचा अभिप्राय कसा असतो? त्यात बारचा नंबर असतो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत चार मात्रांचा एक बार दोन सेकंदांत संपतो, म्हणजे तीन मिनिटांत ९० बार. “मधे जरा लांबलं” यातलं मधे म्हणजे कुठे? ३३ ते ४८, बत्तीस सेकंद डाव्या हाताची एकच नक्षी चाललीय, असं म्हटलं की माणूस कामाला लागतो. आणि एक मेख अशी की बोट ज्या बारवर पडतं, दुखणं त्याच्या आधी असतं. तिघांनी ४१ वर बोट ठेवून तीन वेगळी औषधं सुचवली, तर तिन्ही बाजूला ठेवावीत आणि ३३ पासून बघावं. कान तिथेच कंटाळलेला असतो, ४१ ला फक्त तोंड उघडतो.

सर्वांत जास्त वेळा सांगावी लागणारी गोष्ट म्हणजे चिखल. नवा रचनाकार भारदस्तपणासाठी डाव्या हाताला खाली नेतो आणि तिथेच सा-ग-प असा पूर्ण कॉर्ड, म्हणजे तिन्ही सूर एकदम, दाबून बसवतो. मधल्या सीच्या दोन सप्तकं खाली सी (इथला सा) आहे ६५ हर्ट्झवर, त्याच्या वरचा ई (इथला ग) ८२ वर. फरक सतराचा, म्हणजे सेकंदाला सतरा हेलकावे. कानाला त्याचे दोन स्वर नीट वेगळे करता येत नाहीत, नुसती घरघर होते. हीच जोडी मधल्या सीवर वाजवली तर फरक ६८ चा होतो आणि गोड लागते. म्हणून तळाला सा आणि वरचा सा, फार तर सा आणि प ठेवावा, गंधार उचलून मधल्या सीच्या आसपास न्यावा. अभिप्रायात “खाली गढूळ वाटतं” एवढं लिहिलं तर समोरचा इक्वलायझरशी (खालचे-वरचे सूर कमीजास्त करणाऱ्या बटणांशी) झटापट करतो. “बार ९, डाव्या हातातला ई काढा” म्हटलं की दहा सेकंदांत पाणी निवळतं.

गढूळपणाचा दुसरा आरोपी पाय. कॉर्ड बदलताना नवा कॉर्ड वाजतो त्याच क्षणी सूर घुमत ठेवणारं पेडल सोडायचं आणि लगेच परत दाबायचं. आधी सोडलं तर मधे खड्डा पडतो, सोडलंच नाही तर मागचा कॉर्ड पुढच्यात मिसळतो. काही कीबोर्ड चालू होताना पेडल वर आहे की खाली, हे बघून उलट-सुलट ठरवतात. वीज गेली, आपण पाय तसाच ठेवून बसलो आणि वीज आली, की पुढे सगळं उलटं: दाबलं की बंद, सोडलं की घुमणार. असं रेकॉर्डिंग कुणी पाठवलं तर त्याच्या संगीताच्या समजेवर निबंध लिहू नये, आधी पाय कुठे होता ते विचारावं.

पेटीवाल्या काकांचा अभिप्राय हा स्वतंत्र विषय आहे. भजनी मंडळात आयुष्य गेलेलं, कान तयार. आपण सी मेजरमधून जी मेजरमध्ये, म्हणजे सीऐवजी जीला सा धरून, गेलो की ते मान वाकडी करतात: “तीव्र मध्यम लागला. कल्याण का?” आपण खुश होऊन मॉड्युलेशन (हे सा बदलणं) समजावायला लागतो, तोवर पुढच्याच बारमध्ये शुद्ध मध्यम येतो आणि काका हात झटकतात, “बेटा, तुझा सा सुटला.” आपल्याला वाटतं, यांना पाश्चात्त्य संगीत कळत नाही. पण पाश्चात्त्य संगीताच्या पुस्तकातही जी चूक ठरेल, तीच काकांनी धरलेली असते. जीला घर म्हणायचं तर डी सेव्हन हा कॉर्ड वाजवून दार उघडावं लागतं, त्यातला एफ शार्प, काकांचा तीव्र मध्यम, ही त्या दाराची किल्ली. आत गेल्यावर निदान चार बार साधा एफ, म्हणजे काकांचा शुद्ध मध्यम, आत येऊ द्यायचा नाही. तो आला की जीचा कॉर्ड जी सेव्हन होतो आणि कानाला धरून परत सीकडे ओढतो. मग ऐकणारा धड इथे नाही, धड तिथे नाही. एवढं सगळं काका तीन शब्दांत सांगून गेले. फक्त ते आपल्या भाषेत उतरवून घेण्याची अक्कल हवी.

संगणकावर माउसने सूर लिहिणाऱ्यांना मात्र वीत मोजायला सांगावी. एका सीपासून पुढच्या सीपर्यंत मध्य ते मध्य साधारण साडेसोळा सेंटिमीटर, त्यापुढच्या ईपर्यंत एकवीस. संगणक ते हसत वाजवतो. आपल्या हाताने अंगठा आणि करंगळी ताणून बघा, नाहीतर कॉर्ड खालून वर विस्कटून वाजवायची खूण करा.

हे सगळं द्यायच्या बाजूचं झालं. घ्यायच्या बाजूला नियम एकच, आणि तो कुणालाच पाळता येत नाही: गप्प बसणं. “ते मी मुद्दाम केलंय” हे वाक्य तोंडातून निघालं की समोरच्याचा अभिप्राय तिथेच मरतो. मुद्दाम केलेलं मुद्दाम वाटलं नाही, हीच त्याची बातमी असते.

रशियन संगीतकार चायकोव्हस्कीलाही जमलं नाही. १८७४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी त्याने आपली पहिली पियानो कॉन्चेर्टो (पियानो आणि वाद्यवृंदासाठीची रचना) पियानोवादक निकोलाय रुबिनश्टाइनला वाजवून दाखवली. पहिला भाग संपला, समोरून शब्द नाही. पुढे एका पत्रात चायकोव्हस्कीने लिहिलं त्याचा आशय असा की, मित्रासाठी रांधावं आणि त्याने मुकाट्याने खावं, यासारखी अवघड अवस्था नाही. त्याला जळगावात बोलवायला हवं होतं. नंतर रुबिनश्टाइनचं तोंड उघडलं तेव्हा रचना निरुपयोगी, वाजवता न येण्याजोगी ठरली. चायकोव्हस्कीने एकही स्वर बदलणार नाही असं ठणकावलं आणि १८७५ च्या ऑक्टोबरात बोस्टनला जर्मन पियानोवादक हान्स फॉन ब्यूलोने ती वाजवली. पुढे रुबिनश्टाइनने मत बदललं, आणि चायकोव्हस्कीनेही गुपचूप स्वर बदलले. सुरुवातीचे ते प्रसिद्ध दणदणीत कॉर्ड पहिल्या प्रतीत तसे नव्हतेच, विस्कटून वाजवायचे होते.

राहिला शेवट. आमच्या तुकड्यांचे शेवट भुसावळच्या आउटरला उभ्या राहिलेल्या गाडीसारखे असतात. स्टेशन दिसतं, माणसं बॅगा काढून दारात येतात, गाडी हलते आणि परत थांबते. जी सेव्हन, सी. परत जी सेव्हन, परत सी, मग एक सप्तक वर, मग सावकाश. एकदा सी आला, पहिल्या मात्रेवर आला, तळाला सा आणि वरच्या सुरातही सा असला, की गाडी लागली. तिथून पेडल धरून मनात चार मात्रा मोजायच्या आणि कुणी “संपलं का?” विचारायच्या आत पाय उचलायचा.