‘फेज’ नावाचा रामबाण: एका फॉरवर्डमधले पाच दावे

ग्रुपाग्रुपांतून फिरणारा मजकूर थोडक्यात असा: ‘अँटिबायोटिकांना दाद न देणारे आतड्यातले कुठलेही जंतू बॅक्टेरियोफेज नावाचे विषाणू एका डोसात फस्त करतात. जंतू त्यांना कधी सरावत नाहीत. दुष्परिणाम शून्य. औषध कंपन्यांनी शंभर वर्षं हे दडवून ठेवलं. आणि गंगाजलात हेच विषाणू फुकट मिळतात.’

फेज जंतूंना मारतात, एवढं खरं. पुढचं एकेक घेऊ.

‘कुठलेही जंतू’ इथेच गाडी घसरते. फेज जंतूच्या अंगावरच्या एका ठरावीक खुणेला चिकटतो. ती खूण नसेल तर तो नुसता तरंगत राहतो. क्लेब्सिएला या आतड्यात राहणाऱ्या जंतूच्या अंगावर साखरेच्या साखळ्यांचं जाड आवरण असतं आणि त्याचे सत्तरहून जास्त प्रकार आहेत. एका प्रकाराचं आवरण कुरतडणारा फेज दुसऱ्या प्रकाराला बहुधा हातही लावत नाही. त्यामुळे रिपोर्टवर नुसतं ‘क्लेब्सिएला’ लिहिलेलं असून भागत नाही. त्याच रुग्णाच्या शौचातून वाढवलेला जंतू फेजसमोर ठेवून बघावा लागतो.

ते करतात असं. रात्रभर वाढवलेल्या जंतूंचा ०.१ मिली द्रव ४५ अंशांवर पातळ ठेवलेल्या मऊ अगारमध्ये (जंतू वाढवायच्या जेलीत) मिसळून प्लेटवर ओतायचा. फेजचा साठा दहापट-दहापट पातळ करत न्यायचा (दर वेळी ०.१ मिली साठा, ०.९ मिली द्रावण) आणि प्रत्येक पायरीचा ५ मायक्रोलिटरचा थेंब त्या थरावर ठेवायचा. ३७ अंशांवर रात्र काढली की सकाळी जंतूंच्या धुरकट थरात टाचणीच्या डोक्याएवढी स्वच्छ भोकं दिसतात. हे प्लाक. दहा लाख पट पातळ केलेल्या थेंबात २० प्लाक मोजले, तर मूळ साठ्यात मिलिलिटरला ४०० कोटी फेज आहेत.

फसगत होते ती दाट थेंबापाशी. तिथे छान स्वच्छ वर्तुळ दिसतं, पण पातळ थेंबांत एकही सुटा प्लाक नसतो. याचा अर्थ फेजच्या गर्दीने जंतूची भिंत बाहेरूनच फुटली, किंवा साठ्यातल्या इतर द्रव्यांनी तो मेला; आत शिरून फेजने पिल्लावळ केलीच नाही. नुसत्या पहिल्या थेंबावरून ‘सेन्सिटिव्ह’ (या फेजने मरतो) असा लिहिलेला रिपोर्ट म्हणूनच कुचकामी.

आता ‘एका डोसात’. पहिला अडथळा जठर. तिथली आम्लता वाढून पीएच तीनच्या खाली गेला की बहुतेक फेज झपाट्याने निकामी होतात, म्हणून जॉर्जिया या देशात फेज पाजण्याआधी सोडा किंवा क्षारयुक्त मिनरल वॉटर देण्याची पद्धत आहे. दुसरा अडथळा संख्येचा, आणि तो जास्त चिवट. फेजला वाढायला जंतू लागतात. मिलिलिटरला साधारण दहा हजारांपेक्षा कमी जंतू असले, तर नवे फेज तयार होण्याच्या आधीच जुने वाहून जातात. आणि जुलाबात आतडं अखंड वाहतच असतं.

ढाक्यातल्या चाचणीत नेमकं हेच घडलं. ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूच्या जुलाबाने दाखल झालेल्या ६ ते २४ महिन्यांच्या १२० मुलग्यांना फेजचं मिश्रण किंवा तुलनेसाठी फेज नसलेला बनावट डोस दिला गेला. निष्कर्ष २०१६ मध्ये आले. फेज सुरक्षित ठरले, शौचात सापडलेही, पण आतड्यात वाढले नाहीत आणि जुलाब लवकर थांबले नाहीत. शौचातल्या एकूण जंतूंत ई. कोलायचा वाटाच जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास होता, शिवाय बऱ्याच मुलांत इतर रोगजंतूही होते. त्याआधी १९७० च्या सुमारास ढाक्यातच कॉलराच्या रुग्णांना प्रचंड मात्रेत फेज पाजून पाहिले होते. टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक कितीतरी सरस ठरलं.

यावर फॉरवर्डवाले जॉर्जियाची राजधानी तिबिलिसीचा दाखला देतात. तो दाखला खरा आहे, वजनदारही आहे. १९६३-६४ मध्ये तिथल्या ३०,७६९ मुलांपैकी रस्त्याच्या एका बाजूच्या मुलांना आठवड्यातून एकदा शिगेलाचे (रक्ताची आव आणणाऱ्या जंतूचे) फेज दिले, दुसऱ्या बाजूच्यांना नाही. रक्ताच्या आवेचं प्रमाण हजारी १.७६ विरुद्ध ६.७ निघालं. पण मुलं निरोगी होती आणि डोस दर आठवड्याला होता. आजार व्हायच्या आधी दिलेलं औषध होतं ते. एका डोसात बरं करणारं नव्हे.

‘जंतू सरावत नाहीत’ हे तर साफ चूक. अंगावरची खूण बदलली किंवा टाकून दिली की जंतू सुटला. कोट्यवधींच्या गर्दीत असे काही आधीच हजर असतात. म्हणून तर वेगवेगळ्या खुणांना चिकटणारे फेज एकत्र करून मिश्रण देतात. कॉलराच्या जंतूची कथा आणखी बोलकी आहे. त्याच्यात एसएक्सटी नावाचा डीएनएचा एक फिरता तुकडा असतो. अँटिबायोटिकांविरुद्धची जनुकं याच तुकड्यावर असतात आणि फेजपासून बचाव करणारी जनुकंही. एका जंतूकडून दुसऱ्याकडे तो गेला की दोन्ही कवचं एकदम जातात.

‘दुष्परिणाम शून्य’ हे निवडलेल्या, शुद्ध केलेल्या फेजबद्दल बरंचसं चालेल. पण काही फेज जंतूला न मारता त्याच्या डीएनएत मुक्काम ठोकतात. कॉलराचं विष बनवणारं जनुक जंतूला अशाच एका फेजकडून मिळालं आहे, हे १९९६ मध्ये सिद्ध झालं. म्हणून औषधासाठीच्या फेजचा पूर्ण जीनोम (सगळा जनुकसंच) वाचून मुक्कामाची आणि विषाची जनुकं नाहीत ना हे तपासतात. शिरेतून द्यायचा असेल तर फुटलेल्या जंतूंच्या भिंतीतलं विष, एंडोटॉक्सिनही काढावं लागतं, नाहीतर ताप, हुडहुडी, रक्तदाब खाली.

दडवण्याचं म्हणाल, तर १९३०-४० च्या दशकांत एली लिलीसारखी बडी कंपनी स्वतःच फेज विकत होती. विश्वास उडाला तो मालामुळे. कितीतरी बाटल्यांत टिकवण्यासाठी घातलेल्या रसायनाने फेजच मेलेले असत. १९३४ मध्ये अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आलेल्या आढाव्याने पुरावा तोकडा ठरवला. पुढे पेनिसिलीन आलं आणि विषय मागे पडला.

राहिलं गंगाजल. हँकिन या ब्रिटिश जंतुशास्त्रज्ञाने १८९६ मध्ये गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलराचे जंतू मरतात असं लिहिलं, हे खरं. फेज हा शब्द मात्र १९१७ चा. हँकिनला दिसले ते फेजच होते, हे सगळे अभ्यासक मानत नाहीत. समजा होते. पण फेज तिथेच भरपूर असतात जिथे त्यांचे जंतू भरपूर असतात. नवा फेज शोधायला संशोधक सांडपाण्याच्या नाल्यावर जातात, आणि पाण्यात मैला मिसळला आहे का हे ओळखायला ई. कोलायचे फेज मोजतात. नदीत फेज सापडले ही बढाई मारण्याची गोष्ट नव्हे. २०२५ च्या महाकुंभात प्रयागराजच्या पाण्यात मैल्यातले कोलिफॉर्म जंतू मर्यादेबाहेर असल्याचं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेच हरित लवादाला कळवलं होतं. स्नानासाठीची मर्यादा १०० मिलीला २,५०० आहे, पिण्यासाठी शून्य. पाणी उकळून घ्यावं, तर हँकिननेच नोंदवलंय की उकळल्यावर त्याचा गुण जातो.