महापौर व्हायचंय? आधी चाव्या घ्या

शहरात मोठं व्हायची इच्छा असणाऱ्या सर्व होतकरूंसाठी हे मोफत मार्गदर्शन.

पहिली गोष्ट, थेट महापौरपदावर डोळा ठेवू नका. महापौर म्हणजे प्रथम नागरिक. उंच खुर्ची, गळ्यात साखळी, उद्घाटनाच्या फिती. कारभार आयुक्त चालवतात आणि पैसा मंजूर होतो स्थायी समितीत. शिवाय अडीच वर्षांसाठी आरक्षणाची कुठली चिठ्ठी निघेल, हे ब्रह्मदेवालाही ठाऊक नसतं. तेव्हा आधी स्थायीचं अध्यक्षपद पदरात पाडून घ्या. वर्तमानपत्रं त्याला ‘तिजोरीच्या चाव्या’ म्हणतात. एवढ्यापुरतं तरी ती खरं लिहितात.

समितीत 16 जण असतात (मुंबईचा कायदा निराळा, तिथे 27). निम्मे दरवर्षी बाहेर पडतात, पहिल्या वर्षी तर चिठ्ठ्या टाकून. अध्यक्षपद वर्षभराचं. वर्ष पुरेल का? मार्चअखेर आली की पुरून उरतं.

हिशेब येत नसला तरी चालेल. हिशेबाला मुख्य लेखापाल आहेत. ते बिचारे फाइलवर ‘तरतूद शिल्लक नाही’ असा शेरा मारतात. शेऱ्याखाली सही करायला जागा असते.

आयुक्त अंदाजपत्रक मांडतील. तो सनदी माणूस, जमेचे आकडे हात राखून धरतो. तुम्ही राखू नका. मिळकतकराची थकबाकी यंदा वसूल होणारच, असं ठणकावून सांगा आणि जमा फुगवा. किती? नगरसेवकांच्या मागण्यांची यादी जेवढी लांब, तेवढी.

आयत्या वेळचे विषय आयत्या वेळीच आणा. विषयपत्रिका वाचणारे लोक फार त्रास देतात.

लेखापरीक्षकांचे आक्षेप कपाटात नीट रचून ठेवा. ओल लागता कामा नये.

आणि बाकडी! बाकडी विसरू नका. आमच्या सोसायटीसमोरच्या फुटपाथवरून दोन माणसं शेजारी-शेजारी चालू शकत नाहीत. तिथे परवा स्टीलचं नवं बाकडं आलं. हे तिसरं. बसणाऱ्याचं तोंड थेट ट्रान्सफॉर्मरकडे. पाठीवर माननीयांचा हात जोडलेला फोटो, नाव, पद आणि ‘यांच्या विशेष प्रयत्नांतून’. खिशातून दिलंय की काय? त्याच्या बाजूलाच ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण खचलंय. कोणी पडू नये म्हणून रहिवाशांनी त्यात झाडाची फांदी खोचून तिला लाल पिशवी बांधलीय. बोल्ट ठोकायला आलेल्या पोरांनी ती फांदी काढून बाजूला ठेवली, ड्रिल मारलं, बाकडं बसवलं आणि जाताना फांदी होती तशी परत खोचली. इमानदार पोरं! झाकणाची तक्रार मी अ‍ॅपवर केली होती, ती ‘निकाली’ निघाली. कनिष्ठ अभियंत्यांना गाठलं तर म्हणाले, “काका, झाकणाचं हेड, म्हणजे अंदाजपत्रकातलं खातं, वेगळं, त्यातले पैसे संपले.” संपले म्हणजे? गेले कुठे? तर वर्गीकरण झालं. म्हणजे ड्रेनेजचे पैसे उचलून दुसऱ्या कामाला दिले, रीतसर, ठराव करून. म्हाताऱ्या माणसांनी रात्री चेंबर चुकवत चालायचं आणि चुकलंच तर पाय मोडून घेऊन त्या बाकड्यावर बसायचं!

असो. मार्गदर्शन चालू ठेवतो.

वर्ष संपलं की महापौरपदाचा अर्ज भरा. प्रचाराला दारोदार फिरायची गरज नाही, कारण महापौर आम्ही निवडत नाही, नगरसेवक निवडतात. त्यांतल्या प्रत्येकाच्या प्रभागात तुम्ही काही ना काही दिलेलं असतं. कुणाला कमान, कुणाला पेव्हिंग ब्लॉक, कुणाला ओपन जिम. ते विसरत नाहीत. आणि विसरलाच कोणी, तर पक्षाचा व्हिप आहे.

निवड झाल्यावर भाषणात म्हणा, ‘पद हे सेवेचं साधन आहे’. टाळ्या पडतात.

पुरे झालं. इतकी वर्षं निवडणुकाच नव्हत्या, प्रशासकांचं राज्य होतं. लोकप्रतिनिधी हवेत म्हणून आम्हीच ओरडत होतो. 15 जानेवारी 2026 ला 29 महापालिकांसाठी मतदान झालं, आम्ही रांगेत उभे राहिलो, बोटाला शाई लावून घेतली. ती काय बाकड्यांसाठी? पैसा आमचा. बिल भरायला एक महिना उशीर झाला तर शास्ती आम्हाला. थकबाकीदाराच्या दारात बँड वाजवायला तुमची माणसं जातात, आणि चेंबरला झाकण मागितलं की हेड वेगळं? तुम्हाला खर्चावर लक्ष ठेवायला बसवलं होतं, खिरापत वाटायला नव्हे. लाज वाटत नाही?

फोटो छापायचाच असेल तर त्याखाली हिशेबही छापा. जमा धरली किती, आली किती, ड्रेनेजचे किती पैसे कोणत्या ठरावाने कुठे वळवले. बाकड्याच्या पाठीवर जागा भरपूर आहे. तेवढं होईस्तोवर महापौरपदाचं नावही काढू नका.