‘अलाइनमेंट केलं की झालं’: जिम्नीच्या आर्मबद्दलच्या आक्षेपाला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया खरमरीत आहे, पण मुद्द्याची आहे. विषय मारुती सुझुकी जिम्नी या छोट्या फोर-बाय-फोरची लिफ्ट (सस्पेन्शन उंचावणं) आणि तिच्यासाठीचे आर्म (ॲक्सल चासीला जोडणारे दांडे). तुमचे तीन आक्षेप आहेत: एक, दोन इंच लिफ्टला नवे आर्म लागतच नाहीत, अलाइनमेंट पुरतं; दोन, घ्यायचेच तर जाड पाइपचे, लांबी कमी-जास्त करता येणारे आणि पॉली बुशचे (बुश म्हणजे जोडातली रबराची गादी, पॉली म्हणजे तीच कडक पॉलीयुरेथेनची) घ्यावेत; तीन, ‘लिफ्ट केली की आर्म घ्याच’ असं लिहून मी लोकांना खर्चात पाडतो. तिसरा आक्षेप मान्य. ते वाक्य सरसकट लिहायला नको होतं. ३० मिमीपर्यंतच्या लिफ्टला बहुतेकांना आर्म लागत नाहीत. पहिले दोन मात्र जिम्नीला लागू पडत नाहीत.

आधी अलाइनमेंट. जिम्नीला पुढेही अखंड ॲक्सल आहे. कॅम्बर (चाकाचा आत-बाहेरचा कल) आणि कॅस्टर (चाक ज्या किंगपिनभोवती वळतं, त्याचा मागे कललेला कोन) ॲक्सलच्या हाउजिंगच्या घडणीतच ठरलेले. अलाइनमेंटवाला टाय रॉड फिरवून टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते) जुळवतो, त्यापलीकडे त्याच्या हातात काही नाही. मशीन कॅस्टर दाखवतं, दुरुस्त करत नाही. अनेक ठिकाणी तर तो आकडा मोजतही नाहीत, कारण त्यासाठी चाकं डावी-उजवी वळवून माप घ्यावं लागतं. शीटवर कॅस्टरची ओळ रिकामी असेल, तर ते शीट या कामापुरतं निरुपयोगी.

लिफ्टने नेमकं काय होतं? पुढच्या आर्मचं एक टोक ॲक्सलला, दुसरं त्याच्या मागे चासीला. चासी वर गेली की आर्मचं मागचं टोक वर जातं, आर्म नाक खाली घालतो आणि ॲक्सल त्याच्याबरोबर पुढे कलंडतो. किंगपिनचा माथा पुढे आला म्हणजे कॅस्टर घटला. हिशेब सोपा आहे: लिफ्ट भागिले आर्मची लांबी, गुणिले ५७, की उत्तर अंशांत. समजा आर्म ७०० मिमी भरला, तर ५० मिमी लिफ्टला सुमारे ४ अंश जातात आणि ३० मिमीला अडीच. (आपल्या गाडीचा आर्म चासीकडच्या बोल्टपासून ॲक्सलच्या मध्यापर्यंत टेपने मोजा, माझा आकडा धरून चालू नका.) कॅस्टर गेला की वळणानंतर स्टेअरिंग आपणहून सरळ येत नाही, आणि महामार्गावर ट्रक ओलांडताना गाडी धरून ठेवावी लागते.

आता लांबी कमी-जास्त करता येणारे आर्म. हा सल्ला जीप रँग्लरचा आहे. तिथे पुढच्या ॲक्सलला चार आर्म असतात, दोन वर आणि दोन खाली. खालचे लांबवले की ॲक्सल फिरतो आणि कॅस्टर वाढतो. जिम्नीत दर बाजूला एकच आर्म, आणि तो ॲक्सलला दोन बुशांनी धरतो, एक पुढे, एक मागे. म्हणजे आर्म आणि ॲक्सल यांच्यातला कोन पक्का. असा आर्म लांबवला तर ॲक्सल पुढे सरकतो, फिरत नाही. कॅस्टर तिथल्या तिथेच. उलट डावा-उजवा दोन-तीन मिमीने चुकला तर ॲक्सल तिरका बसतो आणि गाडी कुत्र्यासारखी आडवी चालते.

म्हणून जिम्नीसाठी बघायचं ते ॲक्सलकडच्या दोन भोकांची जागा. दुरुस्त (म्हणजे कॅस्टर भरून काढणाऱ्या) आर्ममध्ये ती भोकंच वर-खाली सरकवलेली असतात. स्वस्तातला मार्ग म्हणजे ऑफसेट कॅस्टर बुश (ज्यांचं भोक मध्यापासून सरकवलेलं असतं), साधारण दोन-तीन अंश परत देणारे. ते बसवताना पुढच्या बुशचं भोक वर आणि मागच्याचं खाली आलं पाहिजे. उलटं बसलं तर उरलासुरला कॅस्टरही जातो, आणि हे वर्कशॉपात सर्रास होतं. खुणा रंगाच्या पेनने आधी आर्मवर उतरवून घ्या, मग बुश हायड्रॉलिक प्रेसने घाला. हातोड्याने नको.

पॉलीची अडचणही याच दोन बुशांत आहे. एक चाक दगडावर चढलं की ॲक्सल तिरपा होतो आणि तो पीळ हे बुश सोसतात. रबर दबतं. कडक पॉली दबत नाही, मग दोन्ही आर्म आणि ॲक्सल मिळून जाडजूड अँटी-रोल बारसारखे (गाडीचं एका बाजूला झुकणं रोखणाऱ्या दांडीसारखे) वागतात, चाक हवेत राहतं आणि तो जोर ॲक्सलवरच्या ब्रॅकेटच्या वेल्डिंगवर जातो. तिथे चिखल धुऊन टॉर्च मारा. गंजाची केसाएवढी रेघ दिसली तर ती रंगाची भेग समजू नका. जाड पाइपचंही असंच: आर्म वाकला नाही तर ब्रॅकेट वाकतं, आणि आर्म बदलणं सोपं असतं. तेव्हा दगड-ओढ्यात जाणाऱ्याने रबर बुशचे दुरुस्त आर्म घ्यावेत. बहुतेक डांबरीवर चालणाऱ्या, ३०-४० मिमी लिफ्टच्या गाडीला पॉलीचे कॅस्टर बुश चालतील. चासीकडचं टोक खाली आणणारी ड्रॉप ब्रॅकेट मी घेणार नाही. लिफ्टने कमावलेली उंची नेमकी तिथेच दगडाला देऊन टाकायची, हे पटत नाही.

एक मेख आहे. कॅस्टर परत आणताना ॲक्सल मागे फिरतो, आणि डिफरन्शियलचं तोंड, म्हणजे पिनियन, खाली जातं. पुढच्या ॲक्सलला फिरवणाऱ्या शाफ्टचा कोन वाढतो. टू-व्हीलमध्ये (फक्त मागच्या चाकांवर) पुढच्या चाकांचे हब सुटलेले असल्याने काही कळत नाही, ४एचमध्ये (चारही चाकांवर) मात्र थरथर येते. म्हणून गेलेले चारही अंश परत मागू नका, थोडे कमी घ्या.

बसवताना होणारी मोठी चूक: गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळणे. रबर बुश आतल्या नळीला चिकटवलेलं असतं. गाडी खाली आली की ते कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत नळीभोवती चंद्रकोरीसारखं फाटतं. बोल्ट हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा, दोन-चारदा दाबून हलवा, मगच टॉर्क रेंच.

पॅनहार्ड रॉडचं (ॲक्सलला बाजूला सरकू न देणाऱ्या आडव्या दांडीचं) थोडक्यात: लिफ्टने ॲक्सल बाजूला सरकतो. दोन्ही फेंडरवरून ओळंबा सोडा आणि टायरपर्यंतचं अंतर मोजा. दोन्हींतल्या फरकाचा अर्धा म्हणजे सरकणं. लांबी कमी-जास्त होणारा रॉड शोभतो तो इथे.

आणि तुम्ही शेवटी लिहिलेली ७०-८० च्या वेगातली स्टेअरिंगची डगडग. कमी कॅस्टरने ती वाढते, पण त्यासाठी लगेच आर्म घेऊ नका. आधी टायर बॅलन्सिंग. मग चाक उचलून टायर वर आणि खाली धरून हलवा; खेळ जाणवला तर किंगपिन बेअरिंग बघा. शेवटी चाकं जमिनीवर ठेवून कुणाला तरी स्टेअरिंग डावं-उजवं करायला सांगा आणि पॅनहार्डच्या बुशकडे पाहत राहा. बोल्ट बुशमध्ये हलताना दिसला की चोर सापडला.

लिफ्टची उंची, मोजलेली आर्मची लांबी आणि कॅस्टरची ओळ भरलेलं शीट इथेच टाका. बुशवर भागेल की आर्म लागतील, ते आकडे बघून सांगतो.