लेझीम म्यूटवर

२०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता आणि देशभरची टाळेबंदीही त्याच दिवशी सुरू झाली. इंदूरच्या रामबागेतलं आमचं तरुण मंडळ त्या सकाळी प्रभातफेरी काढणार होतं. भाड्याने आणलेले चाळीस फेटे मंडळाचा सचिव म्हणून माझ्या घरी येऊन पडले होते, ते जूनपर्यंत पडूनच राहिले. फेटेवाला अधूनमधून फोन करून माझी नाही, फेट्यांची तब्येत विचारायचा.

इंदूरकराला घरात बसवणं मुळातच अवघड. २२ मार्चच्या जनता कर्फ्यूला संध्याकाळी दारात उभं राहून थाळ्या वाजवा म्हटलं, तर लोक थाळ्या घेऊन थेट राजवाड्याच्या चौकात. अशा गावात मंडळाचे कार्यक्रम ‘ऑनलाइन घ्यावेत’ असं मी सुचवलं. माझीच जीभ, दुसऱ्या कुणाला काय बोलणार?

मंडळ तरुण आहे, अध्यक्ष नाहीत. नाना सदुसष्ट वर्षांचे. पहिल्या ऑनलाइन सभेत त्यांनी फोन सवयीने कानाला लावला, त्यामुळे आम्ही सगळ्यांनी सभाभर नानांचा उजवा कान पाहिला. फुकटातली सभा चाळीस मिनिटांत आपोआप बंद व्हायची. पहिली बारा मिनिटं ‘ऐकू येतंय का?’ यात गेली. मग कानाने मागील सभेचं इतिवृत्त वाचलं. विषय क्रमांक एकवर कान म्हणाला, “माझा या गोष्टीला सक्त...” आणि पडदा काळा. सक्त विरोध होता की सक्त पाठिंबा, यावर दोन दिवस ग्रुपवर भांडणं झाली.

ऑगस्ट आला. मंडप घालायचा नाही. अनंत चतुर्दशीला हुकुमचंद, मालवा वगैरे गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, निघतात, त्याही निघणार नव्हत्या. गिरण्यांचे भोंगे बंद होऊन वर्षं लोटली, तरी झांक्या कधी चुकल्या नव्हत्या. आमची पोरं रात्रभर त्या बघत उभी राहणारी, ती फारच हिरमुसली. तेव्हा ठरलं की २२ ऑगस्टला, गणेश चतुर्थीला, अठरा घरांतून एकाच वेळी लेझीम खेळायची आणि मोबाइलवर सगळ्यांना दाखवायची.

लेझीम म्हणजे लाकडी दांडा, लोखंडी साखळी आणि तिच्यात ओवलेल्या चकत्या. तिला मैदान लागतं. आमच्या बैठकीच्या खोलीत दिवाण, टीव्ही आणि आई एवढं आधीच आहे. पहिल्याच ‘दोन’ला माझा हात वर गेला आणि पंख्याचं एक पातं कायमचं खाली झुकलं. आई आतून म्हणाली, “खालच्या काकू विचारून राहिल्यात, वर कोणी पडलं का?”

पण खरी गंमत आवाजाची. मी ‘एक’ म्हटलं की तो शेवटच्या घरी पोचेपर्यंत इथे ‘दोन’ झालेला असायचा. एक पोरगा खाली वाकलेला, दुसरा उसळलेला, तिसरा तसाच गोठलेला (त्याचं नेट गेलेलं, पण पोझ सर्वांत छान). त्यातून ते ॲप भलतंच सुसंस्कृत. चकत्यांची खणखण त्याला गोंगाट वाटायची, म्हणून ते ती गाळून टाकायचं. उरायचा फक्त धापांचा आवाज. अठरा चौकटींत अठरा माणसं मुकाट्याने उड्या मारताहेत, जणू प्रत्येकाच्या घरात उंदीर निघालाय.

सेटिंगमध्ये खटपट केली. भाच्याला विचारलं. तो म्हणाला, “मामा, तुम्ही रेकॉर्ड करून जोडून टाका ना.” नानांना विचारलं तर म्हणाले, “रेकॉर्ड केलेल्याला लेझीम म्हणतात? मग उद्या मोदकाचाही फोटोच खा.”

चतुर्थीच्या दोनच दिवस आधी, २० ऑगस्टला, इंदूर सलग चौथ्यांदा देशात सर्वांत स्वच्छ ठरलं. त्यामुळे कचरा गाडीवाले जरा जास्तच जोरात होते. चतुर्थीच्या सकाळी आमच्या उड्या सुरू झाल्या आणि पहिल्या गल्लीत गाडी शिरली. तिच्या भोंग्यावरचं गाणं मात्र त्या ॲपने इमानेइतबारे सगळ्यांच्या कानी घातलं. पण ते पोचायचं उशिरा, म्हणून गाडी दाराशीच असलेल्या पहिल्या गल्लीतल्या पाच पोरांनाच ताल सापडला. पाचही एकदम वाकली, एकदम उठली. गाडी वळून दुसऱ्या गल्लीत गेली, तसा ताल तिकडे गेला आणि पहिली पाच पुन्हा विस्कटली. अशी ती लेझीम गल्ली-गल्लीतून पुढे सरकत राहिली. आमच्या दाराशी गाडी आली तेव्हा मी झुकलेला पंखा सांभाळत चार ठेके अगदी बिनचूक घेतले. मग आईने हातात ओल्या कचऱ्याची बादली दिली.

नानांच्या कानाला शेजारून कुणीतरी टाळ्या वाजवल्याचं ऐकू आलं. चाळिसावं मिनिट भरायच्या आत मी इतिवृत्त लिहून टाकलं: ‘कचरा गाडी वेळेवर आल्याबद्दल आभार मानून कार्यक्रम संपला.’ पुढच्या सभेत ते एकमताने मंजूर झालं. फक्त ‘कचरा’च्या आधी ‘सुका की ओला’ हे लिहायचं राहिलं, अशी नानांनी हरकत घेतली.