सहा पिनचं ग्राफिक्स कार्ड साटाच्या वायरवर चालवू नका

"ऑफिसमधून निघालेला जुना डेस्कटॉप घ्या, पाच गोष्टी करा आणि कुठलाही गेम खेळा" असा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. त्यातले पाच मुद्दे असे: मदरबोर्डवर लांब स्लॉट असेल तर कुठलंही ग्राफिक्स कार्ड चालतं, एसएमपीएसला (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याला) कार्डाची वायर नसेल तर हार्ड डिस्कच्या वायरीवर अ‍ॅडाप्टर लावा, रॅम दुप्पट केली की फ्रेम दुप्पट, एसएसडीने एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) वाढतो, आणि विंडोजच्या 'एमएसकॉन्फिग' या सेटिंगमध्ये जाऊन प्रोसेसरचे बंद कोअर चालू करा. काल भाच्याने तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा, दुसऱ्या मुद्द्यातला अ‍ॅडाप्टर आलाय, लावू ना?" नाही. लावायचा नाही.

बाकीच्या मुद्द्यांनी फार तर पैसे वाया जातील. या दुसऱ्या मुद्द्याने कॅबिनेटमध्ये आग लागू शकते, म्हणून आधी तोच घेतो.

हार्ड डिस्कला वीज देणारी वायर म्हणजे साटाची वायर. साटाच्या पॉवर कनेक्टरला 15 पिन असतात. त्यातल्या 12 व्होल्टच्या फक्त तीन, आणि साटाच्या मानकाप्रमाणे प्रत्येक पिनला 1.5 अँपिअरची मर्यादा आहे. तीन पिनचे मिळून 4.5 अँपिअर, म्हणजे 54 वॉट. ग्राफिक्स कार्डाच्या सहा पिनच्या कनेक्टरमधून मात्र कार्डाने 75 वॉटपर्यंत, म्हणजे 6.25 अँपिअर घ्यायचे असतात. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे 4.5 च्या जागी 6.25 अँपिअर गेले की पिनांवरची उष्णता जवळजवळ दुप्पट होते. आठ पिनच्या कनेक्टरचं गणित तर 150 वॉटचं आहे, त्याबद्दल बोलायलाच नको.

कार्ड स्वतःला आवरेल, असंही समजू नका. सहा पिनमधली एक पिन वीज देत नाही, ती फक्त खूण असते. ती ग्राउंडला जोडलेली दिसली की कार्ड समजतं, पूर्ण क्षमतेची वायर लागली आहे. अ‍ॅडाप्टरमध्ये ती पिन ग्राउंडला जोडूनच ठेवलेली असते. मागे हार्ड डिस्कची वायर आहे हे कार्डाला कळण्याचा मार्गच उरत नाही.

"दोन साटा एकत्र करणारा अ‍ॅडाप्टर घ्या, 108 वॉट मिळतात," असंही त्या मेसेजमध्ये आहे. दोन्ही साटा प्लग एसएमपीएसच्या एकाच केबलवर असतील, आणि ऑफिसच्या मशीनमध्ये बहुधा तसंच असतं, तर मागून येणारी 12 व्होल्टची पिवळी वायर एकच आहे. वर डीव्हीडी ड्राइव्ह आणि हार्ड डिस्कही त्याच वायरीवर.

"माझं तर वर्षभर चालतंय," असं सांगणारे भेटतात आणि ते खोटं बोलत नाहीत. डेस्कटॉपवर असताना किंवा हलक्या गेममध्ये कार्ड पूर्ण वीज ओढत नाही, स्लॉटमधूनही बरीच घेतं. पण जड गेम तासभर चालला की पिन तापते, तापली की तिची पकड सैल होते, पकड सैल झाली की रोध वाढतो आणि ती आणखी तापते. प्लास्टिक आधी पिवळं, मग तपकिरी पडतं. स्वस्त अ‍ॅडाप्टरमध्ये वायरी ओतीव प्लास्टिकमध्ये अगदी जवळजवळ बसवलेल्या असतात. ते मऊ झालं की 12 व्होल्टची वायर शेजारच्या ग्राउंडला टेकते. गेम चालू असताना मशीन अचानक बंद पडलं तर नशीब समजा, एसएमपीएसने वेळेत हात काढून घेतला.

मग काय करायचं? सहा पिनची वायरच लागत नाही असं कार्ड घ्यायचं. पीसीआय एक्सप्रेसच्या लांब स्लॉटमधून 75 वॉटपर्यंत वीज मिळते आणि त्यात भागणारी कार्डं आहेत: जीटीएक्स 1050 टीआय, जीटीएक्स 1650 (दोन्हींचं बिनकनेक्टरचं मॉडेल बघूनच, काही मॉडेलना सहा पिन लागतात), आरटीएक्स 3050 चं 6 जीबी मॉडेल. आरएक्स 6400 सुद्धा त्यात भागतं, ते 53 वॉटचं आहे, पण ते स्लॉटच्या चारच लेन (डेटाचे मार्ग) वापरतं. जुन्या तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेसवर ते मार खातं, म्हणून जुन्या मशीनला मी ते सुचवत नाही.

इथेच पहिला मुद्दाही निकालात निघतो. लांब स्लॉट असला म्हणजे झालं, असं नाही. बारीक कॅबिनेटला अर्ध्या उंचीचं कार्ड आणि त्याच्या मागची धातूची पट्टीही छोटी लागते. काही छोट्या मशीनच्या मॅन्युअलमध्ये स्लॉटची मर्यादा 75 वॉटपेक्षा कमी दिलेली असते, ती आधी वाचा. एसएमपीएसच्या लेबलवरचा मोठा आकडा सोडा, 12 व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर बघा आणि त्याला 12 ने गुणा, म्हणजे कामाचे वॉट कळतात. दोन रकाने असतील तर सरळ बेरीज करू नका, खाली एकत्रित मर्यादा वेगळी छापलेली असते. एसएमपीएसच बदलायचा असेल तर बदलण्याआधी मदरबोर्डचा प्लग मोजा. डेल, एचपी, लेनोवोच्या कित्येक ऑफिस मशीनमध्ये नेहमीच्या 24 पिनऐवजी 8, 6 किंवा 14 पिन असतात. त्यासाठी वेगळी कन्व्हर्टर केबल लागते, आणि बारीक कॅबिनेटमध्ये नेहमीच्या आकाराचा एसएमपीएस बसतच नाही.

रॅमच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, तेवढं मान्य करावं लागेल. 8 जीबीची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी लावल्याने फरक पडतो, कारण मेमरीचे दोन चॅनल (डेटाचे मार्ग) चालू होतात: डीडीआर3-1600 रॅममध्ये डेटाचा वेग सेकंदाला 12.8 जीबीचा 25.6 होतो. ऑनबोर्ड ग्राफिक्सवर, म्हणजे वेगळ्या कार्डाशिवाय, खेळणाऱ्याला तर तो फरक डोळ्यांना दिसतो. पण 16 चे 32 करून फ्रेम वाढत नाहीत. पट्ट्या जोडीच्या स्लॉटमध्येच लावा, आणि डीडीआर4 ची पट्टी डीडीआर3 च्या स्लॉटमध्ये रेटू नका, खाच वेगळ्या जागी असते.

एसएसडी घ्याच, पण लोडिंगसाठी. मोठ्या नकाशाच्या गेममध्ये हार्ड डिस्कमुळे बसणारे झटके कमी होतात, सरासरी एफपीएस तिथल्या तिथेच राहतो.

'एमएसकॉन्फिग'चा मुद्दा तर उलटाच आहे. तिथली 'प्रोसेसरची संख्या' ही मर्यादा घालण्याची सोय आहे, विंडोज मुळातच सगळे कोअर वापरतं. कोणी तिथे खूण केली असेल तर बूट टॅबमधल्या अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जाऊन ती काढा. शेजारची 'कमाल मेमरी'ची खूणही काढा, नाहीतर असलेली रॅमसुद्धा कमी दिसेल. मग रिस्टार्ट.

आणि काहीही मागवण्याआधी एक चाचणी करा. गेमचं रिझोल्यूशन 1080 वरून 720 वर आणा. फ्रेम चांगल्या वाढल्या तर अडचण ग्राफिक्सची आहे, कार्ड घ्या. जागच्या हलल्या नाहीत तर प्रोसेसर थकलाय आणि नवीन कार्ड तिथे काही करणार नाही. भाच्याला हेच सांगितलंय, अ‍ॅडाप्टर आधी परत पाठवून.