‘अर्धवट सल्ला’ म्हणणाऱ्या वाचकांस

बॅकग्राउंडला गुपचूप चालणारे अपडेटर, म्हणजे प्रोग्रामची नवी आवृत्ती आपोआप आणणारे छोटे प्रोग्राम, कसे थांबवायचे, या माझ्या लेखावर तुमची लांबलचक प्रतिक्रिया आली. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा गोषवारा देतो. स्टार्टअपबद्दलची, म्हणजे मशीन सुरू होताच आपोआप उघडणाऱ्या प्रोग्रामांबद्दलची, माझी एक पायरी जुनी आहे. सामान्य माणूस हाताने अपडेट कधीच करत नाही. मशीन हळू चालत असेल तर रॅम वाढवा, एसएसडी टाका. आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं (त्यातला वॉनाक्राय म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा घातक प्रोग्राम): “अशा अर्धवट सल्ल्यांमुळेच वॉनाक्राय पसरला, लिहिण्याआधी थोडा अभ्यास करत चला.”

पहिला मुद्दा मान्य. मी ‘एमएसकॉन्फिग (विंडोज सुरू होतानाच्या सेटिंगचं टूल) उघडून स्टार्टअपच्या टॅबवर जा’ असं लिहिलं होतं. विंडोज ८ पासून ती यादी टास्क मॅनेजरमध्ये गेली आहे आणि एमएसकॉन्फिगमध्ये आता फक्त तिकडे नेणारी लिंक उरली आहे. चूक माझीच. ती ओळ काल दुरुस्त केली. दाखवून दिल्याबद्दल आभार.

आता ते शेवटचं वाक्य. याला उत्तर द्यावं की नाही, याचा दोन दिवस विचार केला. मतभेद मला चालतात, या पानावर ते नेहमीच होतात. पण ‘अभ्यास करत चला’ हे तुम्ही कोणाला आणि कशाच्या बळावर सांगताय? लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात, ठळक अक्षरांत लिहिलंय की विंडोजचं स्वतःचं अपडेट, ब्राउझर आणि अँटिव्हायरस या तिघांना हात लावायचा नाही. ते वाक्य तुम्ही वाचलंच नाहीत, किंवा वाचून सोडून दिलंत. दोन्हींपैकी काहीही असलं तरी अभ्यासाचा उपदेश करण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही.

वॉनाक्रायचं म्हणाल तर तो १२ मे २०१७ रोजी पसरला. त्याने वापरलेलं भोक विंडोजमध्ये होतं, नेटवर्कवर फायली वाटण्याच्या जुन्या एसएमबी पद्धतीत. ते बुजवणारा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा तुकडा, मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिला होता. मध्ये जवळजवळ दोन महिने गेले आणि ज्यांनी तो पॅच टाकला नव्हता त्यांची मशीन्स अडकली, ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांचीसुद्धा. हे सगळं खरं आहे. पण तो पॅच यायचा विंडोज अपडेटमधून. प्रिंटरच्या सॉफ्टवेअरने मागे ठेवलेला अपडेटर, फोन जोडण्याच्या प्रोग्रामचा अपडेटर, गेम लाँचर, पीडीएफ वाचकाचा अपडेटर, हे सगळे त्या दिवशी अखंड चालू असते तरी वॉनाक्राय एका इंचानेही अडला नसता. त्यांचा त्या भोकाशी काही संबंधच नव्हता. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा हा प्रकार आहे आणि संन्याशाच्या जागी तुम्ही मला उभं केलंत.

शिवाय वॉनाक्रायपाशीच का थांबलात? दीड महिन्याने, २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा तसाच घातक प्रोग्राम आला. तो युक्रेनमध्ये घुसला एम.ई.डॉक नावाच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. लोकांनी काही चुकीचं उघडलं नव्हतं. प्रोग्रामने रोजच्यासारखं अपडेट घेतलं, बस्स. आत आल्यावर त्यानेही तेच एसएमबीचं भोक वापरलं, पण दार उघडून दिलं ते अपडेटने. पुढच्या वर्षी, २०१८ मध्ये, आसुसच्या लॅपटॉपवर आधीपासून बसवून येणाऱ्या लाइव्ह अपडेटमधून कंपनीच्याच सर्टिफिकेटची सही असलेलं घातक सॉफ्टवेअर वाटलं गेलं. ते उघड झालं मार्च २०१९ मध्ये. म्हणजे सर्वाधिकार घेऊन, दिवसरात्र, न विचारता आत काहीही आणू शकणारा प्रत्येक अपडेटर हा स्वतःच एक दरवाजा आहे. असे दरवाजे मोजके असावेत एवढंच मी म्हटलं. हे अर्धवट कसं, ते तुम्ही सांगितलेलं नाही.

आणि यातले सगळे तुमच्या सुरक्षेसाठीच जागे असतात असंही नाही. मार्च २००८ मध्ये ॲपलच्या अपडेटरने विंडोजवर आयट्यून्स वापरणाऱ्यांपुढे सफारी ब्राउझर ठेवला, आधीच टिक करून. ज्यांच्या मशीनवर सफारी कधीच नव्हता त्यांच्यापुढेसुद्धा. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाच्या तेव्हाच्या प्रमुखांनी, जॉन लिली यांनी, त्यावर जाहीर आक्षेप घेतला होता. अपडेट या शब्दावर लोकांनी ठेवलेला विश्वास असा खर्च केला जातो, म्हणून मी या विषयावर लिहितो.

मी २००६ पासून दुसऱ्यांची कॉम्प्युटर दुरुस्त करतोय. पगारासाठी नाही, घरच्यांची, शेजाऱ्यांची, मित्रांच्या आईवडिलांची. त्यातली एक रात्र सांगतो, कारण तो लेख तिथूनच सुरू झाला. माझ्या ताईचा प्रबंध सकाळी दहाच्या आत अपलोड करायचा होता. लॅपटॉप जुना, दोन जीबी रॅम, फिरणारी हार्ड डिस्क. रात्री दीड वाजता ती शेवटचा परिच्छेद टाइप करत होती आणि अक्षरं मागून येत होती. ‘क’ दाबला की दोन सेकंदांनी ‘क’ दिसायचा, वेलांटी त्याच्याही नंतर. तिला वाटायचं दाबली गेली नाही, ती पुन्हा दाबायची, मग दोन वेलांट्या एकदम. मी टास्क मॅनेजर उघडला. डिस्कच्या रकान्यात लालभडक १०० टक्के. वरच्या तीन ओळींत तीन अपडेटर. त्यातला एक अशा प्रिंटरचा, जो वर्षभरापूर्वी घरातून गेला होता.

ते तिन्ही बंद केले. पण तोवर त्यांनी फोनच्या हॉटस्पॉटवरचा दिवसाचा सगळा डेटा खाऊन टाकला होता. विंडोजला हे कनेक्शन ‘मीटर्ड’, म्हणजे मोजून डेटा मिळणारं, आहे असं सांगून ठेवलं होतं आणि विंडोज अपडेट ते पाळतही होतं. बाहेरच्या अपडेटरनी मात्र ते पाळावं अशी सक्ती कोणाची नसते. प्रबंधाची फाइल निम्म्यावर अडकून बसली. जपून वापरलेला डेटा डोळ्यांदेखत गेलेला पाहून ताई रडली. ‘रॅम वाढवा’ हा तुमचा सल्ला त्या रात्री दीड वाजता मी तिला द्यायला हवा होता का? नवं मशीन घेऊ शकणाऱ्यांनी जुन्यावर काम करणाऱ्यांना असं उंटावरून हाकू नये.

सामान्य माणूस हाताने अपडेट करत नाही, हा मुद्दा मी ऐकून आहे. काही करतात, काही नाही. त्यावर आणखी काय बोलायचं.

अपडेटरची सर्व्हिस (पडद्यामागे चालणारा त्याचा भाग) ‘डिसेबल्ड’ न करता ‘मॅन्युअल’ करा असं मी का सांगितलं, हे तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही, म्हणून पुन्हा लिहितो. डिसेबल्ड केली की प्रोग्राम स्वतः उघडून ‘अपडेट तपासा’ म्हटलं तरी अडतं. मॅन्युअल ठेवली की गरजेला ती उठू शकते, पण मशीन सुरू होताच आपली आपण बसत नाही. तेवढ्यावर मात्र भागत नाही, कारण बरेच अपडेटर टास्क शेड्युलरमधूनही (ठरल्या वेळी कामं सुरू करणारी विंडोजची सोय) उठतात, कोणी लॉग-इन झाल्यावर, कोणी दर तासाला. तिथली नोंद डिलीट करायची नाही, डिसेबल करायची, म्हणजे हवं तेव्हा परत लावता येते. प्रोग्राम नव्याने बसवला की ती नोंद पुन्हा उगवते, तेव्हा परत बघावं लागतं. जावाला, म्हणजे काही प्रोग्राम चालायला लागणाऱ्या सॉफ्टवेअरला, नवी आवृत्ती आली का हे बघायला आठवड्यातून किंवा महिन्यातून एकदा डोकवायचं असतं आणि तेवढ्यासाठी त्याचा शेड्युलर दिवसभर मेमरीत बसतो. त्याच्या कंट्रोल पॅनेलमधल्या अपडेटच्या टॅबवरची एक टिक काढली की तो जातो. सगळं एका ठिकाणी बघायचं असेल तर मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स या टूलसंचातलं ‘ऑटोरन्स’ घ्या. तिथेही टिक काढायची, ओळ पुसायची नाही. यात अर्धवट काय आहे?

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही, ती तशीच राहील. तुम्हीही एक करा. तुमच्या मशीनवर टास्क शेड्युलर उघडा, डावीकडे लायब्ररीवर क्लिक करा आणि ‘ट्रिगर्स’चा, म्हणजे कोणतं काम केव्हा सुरू होतं ते सांगणारा, रकाना वरपासून खालपर्यंत वाचा. त्यातल्या किती नोंदी तुम्ही स्वतः लावल्या आहेत आणि किती कोणी न विचारता लावल्या, ते आकडे इथेच खाली लिहा. मी वाट बघतो.