रिकाम्या जमिनीचा भरलेला अर्ज

माझ्या नावावर गावाबाहेर थोडी पडीक जमीन आहे. थोडी म्हणजे, चार कोपरे शोधायला अर्धा दिवस जातो आणि तरी तीनच सापडतात. घर नाही, पीक नाही, कुंपण नाही. मग विमा कशाचा काढायचा?

"जमिनीचा नाही हो साहेब," विमा एजंट म्हणाला, "तिथं कुणी पडलं तर तुमचा."

"पण त्याला बोलावलंय कुणी?"

"बोलावलं नसलं तरी. उघडा खड्डा आहे, पोरं तिकडे खेळतात आणि हे तुम्हाला ठाऊक आहे, मग बुजवला का नाही, असं कोर्ट विचारू शकतं."

'आत येऊ नये' अशी पाटी लावतो म्हटलं. जरूर लावा, म्हणाला. फक्त चार वर्षांच्या पोराला वाचता येत नाही. तिथं खोपटं बांधायचा माझा बेतही त्याने मोडला. छप्पर आलं की जमीन 'रिकामी' राहत नाही, पॉलिसीच बदलते. भरपाईबरोबर वकिलाचा खर्चही बहुधा विम्यातून निघतो, हे ऐकल्यावर मात्र मी सावरून बसलो. वकील मी पाहिलेत.

पुढचा रकाना : पाणीसाठा आहे का? इथं त्याने इंग्लंडमधल्या रायलंड्स नावाच्या गिरणीमालकाची गोष्ट सांगितली. त्याच्या तलावाचं पाणी जुन्या भुयारांतून शेजाऱ्याच्या कोळशाच्या खाणीत उतरलं. हलगर्जीपणा कंत्राटदारांचा, पण 1868 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टाने, भरपाई रायलंड्सच्याच गळ्यात मारली. माझा तलाव नाही, हे मी दोनदा सांगितलं. विहिरीची खात्री नव्हती.

"बघून या. खोटं लिहिलं तर ऐन वेळी कंपनी हात वर करते."

गेलो. गुडघाभर गवत. विहीर सापडली नाही, खड्डा सापडला. तोही डोळ्यांना नाही, पायाला. घोटा टम्म फुगला. चप्पल आत राहिली म्हणून वाकून पाहतो, तर तळाशी आधीच एक चप्पल. लहान मापाची. म्हणजे पोरं येतात. आणि आता हे मला ठाऊकही झालं!

लंगडत एजंटकडे परतलो. "या घोट्याचे किती मिळतील?"

"काही नाही. ही पॉलिसी तिऱ्हाइतासाठी. स्वतःच्या जमिनीवर तुम्ही तिऱ्हाईत कसे?"

मग त्याने शेवटचा रकाना वाचला : आजवर या जमिनीवर कुणी जखमी झालं आहे का? माझ्या पायाकडे पाहिलं आणि पेनाचं टोपण काढलं.